सुरांचे माप घेणारा सोनार

वाद्यवृंदाची मैफल सुरू होण्यापूर्वी सर्व वाद्ये एका स्वरात मिळवून घेतली जातात. तंतुवाद्य वाजवणाऱ्याचे काम त्या मानाने सोपे असते. खुंटी पिळली की तार चढते, सैल केली की उतरते. शिवाय वाजवताना बोट केसभर इकडेतिकडे सरकवून चुकलेला सूर सावरता येतो. फुंकून वाजवायच्या वाद्यांचे तसे नाही. नळी किती लांब, आतून किती रुंद, तिच्यावरची भोके कुठे आणि केवढी, हे सारे वाद्य घडवणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेले असते. त्याने केलेली चूक वादकाला जन्मभर आपल्या ओठांनी आणि श्वासाने निस्तरावी लागते.

पाश्चात्त्य संगीतातील सुषिर वाद्यांची ही शतकानुशतकांची रडकथा ज्याच्यामुळे बऱ्याच अंशी संपली, तो माणूस जन्माने सोनार होता. जर्मनीतील म्युनिक शहरच्या थिओबाल्ड बोएम यांचे नाव आज जगभरच्या फ्लूटवादकांच्या आणि क्लॅरिनेटवादकांच्या तोंडी असते. यातील गंमत अशी, की क्लॅरिनेटच्या ज्या रचनेला ‘बोएम पद्धती’ म्हणतात, ती बोएम यांनी केलेलीच नाही. आणि फ्लूटची जी रचना त्यांनी खरोखर केली, ती त्यांची नव्हेच असा आरोप त्यांना आयुष्यभर आणि मृत्यूनंतरही सोसावा लागला.

थिओबाल्ड बोएम यांचा जन्म ९ एप्रिल १७९४ रोजी म्युनिकमध्ये झाला. वडील सोनारकाम करीत. मुलानेही तोच व्यवसाय उचलला आणि लहान वयातच त्यात हात बसवला. सोन्याचांदीच्या कामाला लागणारी नजर, शतांश मापाचा अंदाज आणि चिकाटी हे त्यांचे पहिले भांडवल. पुढे जे काही त्यांनी केले, त्याची बीजे या दुकानात होती. संगीताची ओढ मात्र उपजत होती. १८१० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांनी ड्रेस्डेनच्या ग्रेन्सर या नामांकित कारागिराचा चार चाव्यांचा फ्लूट समोर ठेवून स्वतःच्या हाताने तसाच एक फ्लूट तयार केला. म्युनिकच्या दरबारी वाद्यवृंदातील योहान कापेलर यांनी या मुलाला शिकवायला घेतले. दोनच वर्षांत, म्हणजे १८१२ साली, बोएम एका नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात पहिले फ्लूटवादक झाले. दिवसा सोनारकाम आणि रात्री वादन असा क्रम काही वर्षे चालला. १८१८ मध्ये बव्हेरियाच्या राजाच्या वाद्यवृंदात नेमणूक झाली आणि मग संगीत हीच त्यांची मुख्य वृत्ती झाली. पुढच्या दशकात व्हायोलिनवादक बेर्नहार्ड मोलिक यांच्याबरोबर त्यांनी दौरे केले, फ्लूटसाठी रचना लिहिल्या आणि जर्मनीतील अव्वल वादकांत आपली गणना करून घेतली.

पण हातातील वाद्यावर ते संतुष्ट नव्हते. ते का, हे समजून घेण्यासाठी त्या काळचा फ्लूट कसा होता ते पाहिले पाहिजे. लाकडी नळी, तिचा फुंकरीकडचा भाग सरळ दंडगोल आणि तेथून खाली आतला व्यास क्रमाने निमुळता होत गेलेला. बोटांनी झाकायची भोके सहा. आपल्या बासरीलाही मूळची भोके सहाच असतात. सहा भोके एकामागून एक उघडत गेले की एका सप्तकाचे शुद्ध स्वर मिळतात. अडचण येते ती मधल्या स्वरांची. आपला बासरीवादक भोक अर्धे उघडून कोमल स्वर काढतो, दोन स्वरांमधील मिंडही त्यातूनच साधतो, आणि त्याच्या संगीताला षड्ज बदलण्याची गरज नसल्याने हे सारे शोभून दिसते. युरोपातील वादकाला मात्र एकाच मैफलीत, कधी एकाच रचनेत, वेगवेगळ्या षड्जांवरून बारा स्वरांची सर्व सप्तके वाजवायची असत. तो मधला स्वर काढण्यासाठी वरचे भोक उघडे ठेवून खालचे झाके. असा सूर दबका आणि बहुधा थोडा बेसूर लागे. मग कारागिरांनी जादा भोके पाडून त्यांवर चाव्या बसवल्या. एकीच्या चार झाल्या, चारांच्या आठ झाल्या. परंतु मूळची सहा भोके होती तिथेच राहिली आणि दुखणे तर तिथेच होते.

भोके कुठे पाडायची, हे शास्त्राने नव्हे तर माणसाच्या पंजाने ठरवले होते. बोटे जिथवर आरामात पोहोचतील तिथे भोक. त्या जागी योग्य सूर यावा म्हणून मग कुठे भोक लहान करायचे, कुठे मोठे. नळीच्या वरच्या टोकाकडे सरकलेले भोक लहान केले की चढलेला सूर खाली उतरतो. पण लहान भोकातून हवा मोकळी होत नाही आणि आवाजाचा दम जातो. एका सुरास भरघोस आवाज, शेजारच्यास क्षीण, असा हा प्रकार होता. चांगला वादक फुंकरीचा कोन आणि जोर बदलून प्रत्येक सूर सावरून घेई. अशी सवय अंगी बाणवणे यालाच तेव्हा फ्लूटवादनाची कला म्हणत. बोएम त्या कलेत निपुण होते आणि तरीही ती कला म्हणजे कारागिराच्या पापाचे प्रायश्चित्त आहे, हे त्यांना खुपत होते.

१८२८ साली त्यांनी म्युनिकमध्ये स्वतःचा कारखाना उघडला. तिथे बनणारे फ्लूट सुबक होते, चाव्यांचे काम उत्तम होते. पण रचना जुनीच होती. त्यांना खरा धक्का बसला १८३१ साली लंडनमध्ये. तिथे त्यांनी चार्ल्स निकल्सन यांचे वादन ऐकले. निकल्सन यांचे पंजे मोठे आणि त्यांच्या फ्लूटची भोकेही नेहमीपेक्षा बरीच मोठी. त्यातून निघणारा आवाज इतका भरदार होता की आपल्या वाद्यातून आपण तसा आवाज काढू शकत नाही, हे बोएम यांनी मनोमन मान्य केले. मात्र निकल्सन यांची नक्कल करून भागणार नव्हते. मोठी भोके जुन्या जागी पाडली तर काही सूर भलतेच चढत आणि ते ओठांनी उतरवणे निकल्सनसारख्या असामान्य वादकालाच जमे. बोएम यांनी प्रश्नच उलटा केला. भोके मोठी हवीत आणि ती शास्त्राने सांगितलेल्या जागीच हवीत. बोटे तिथवर पोहोचत नसतील तर ती पोहोचवण्याची यंत्रणा तयार करायची.

या विचारातून १८३२ सालचा फ्लूट जन्मला. नळी अजून निमुळतीच होती, परंतु प्रत्येक अर्धस्वराला स्वतंत्र भोक मिळाले. एक अंगठा वाद्य पेलण्यात गुंतलेला, म्हणजे बोटे उरली नऊ आणि भोके त्याहून अधिक. यावर उपाय म्हणून त्यांनी भोकांभोवती धातूच्या कड्या बसवल्या आणि त्या कड्या नळीला समांतर अशा फिरत्या दांड्यांना जोडल्या. बोटाने भोक झाकले की कडी दबते, दांडी फिरते आणि दूरवरचे दुसरे भोक तिच्या टोकावरील गादीने झाकले जाते. एका बोटाने दोन कामे. कडीची कल्पना अगदी नवी नव्हती. इंग्लंडमधील फ्रेडरिक नोलन या धर्मोपदेशकाने १८०८ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. पण सगळ्या वाद्याची एकसंध व्यवस्था तिच्यावर उभारणारे बोएम हेच. जुन्या वाद्यात बहुतेक चाव्या बंद असत आणि दाबल्या की उघडत. येथे त्या सहसा उघड्या राहिल्या. त्यामुळे ज्या सुराचे भोक उघडे त्याच्या खालची भोकेही मोकळी आणि आवाज सर्वत्र सारखा, असे साधले.

याची किंमत होती. नव्या वाद्यावरची बोटांची रचना निराळी होती. अडतिसाव्या वर्षी, कीर्तीच्या शिखरावर असताना, बोएम यांना आपलेच वादन पुन्हा शिकावे लागले. इतर वादक मात्र इतकी तयारी दाखवणार नव्हते. पॅरिसच्या संगीत विद्यालयातील प्राध्यापक तुलू यांनी नव्या फ्लूटला अखेरपर्यंत विरोध केला. त्यांच्या निवृत्तीनंतर १८६० साली लुई दोर्यूस त्या जागी आले, तेव्हा कुठे या वाद्याला विद्यालयाची दारे उघडली. विरोध केवळ आळसातून झाला असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. जुन्या फ्लूटच्या असमान सुरांत छायाप्रकाशाचा एक खेळ होता, प्रत्येक स्वराला आपला रंग होता. नव्या वाद्याने ते रंग पुसले, ही तक्रार काही अगदी खोटी नव्हती.

यापेक्षा बोचरा घाव वेगळ्याच दिशेने आला. फ्रान्सच्या राजाच्या स्विस रक्षकदलात गॉर्डन नावाचे अधिकारी होते. १८३० च्या क्रांतीत त्यांची नोकरी गेली. फ्लूटमध्ये सुधारणा करण्याच्या ध्यासाने त्यांनाही झपाटले होते. लंडनमध्ये १८३१ साली त्यांची आणि बोएम यांची गाठ पडली. पुढे १८३३ मध्ये म्युनिकला येऊन बोएम यांच्या कारखान्यातील साहाय्याने त्यांनी आपले प्रयोगही केले. यश आले नाही आणि काही वर्षांत मनोव्याधीने त्यांना ग्रासले. १८३८ साली पॅरिसमधील कोश या प्राध्यापकाने असे जाहीर केले, की बोएम फ्लूट ही मुळात गॉर्डन यांची कल्पना होय. बोएम यांनी आपली बाजू मांडली: गॉर्डन यांचे वाद्य आपण पाहिले होते, परंतु भोकांच्या जागांचे आणि यंत्रणेचे तत्त्व आपले स्वतःचे आहे. वाद तेवढ्यावर मिटला नाही. बोएम यांच्या निधनानंतरही क्रिस्टोफर वेल्श आणि रॉकस्ट्रो या दोन इंग्रज लेखकांनी तो परस्परविरोधी बाजूंनी लढवला. आज अभ्यासकांचा कौल बोएम यांच्या बाजूने आहे. परंतु आपल्या कारखान्याचे दार एका हतबल माणसासाठी उघडणाऱ्याला पुढे त्याचाच चोर ठरवले जावे, हे दैवदुर्विलसित म्हणायचे.

तिसाव्या आणि चाळिसाव्या दशकात काही वर्षे बोएम यांनी वाद्यनिर्मितीपासून बरेचसे अंग काढून घेतले आणि लोखंड-पोलादाच्या उद्योगात लक्ष घातले. बव्हेरियातील भट्ट्यांच्या सुधारणेसाठी त्यांनी केलेल्या कामाबद्दल १८३९ साली राज्याने त्यांना सन्मानित केले. पण १८३२ च्या फ्लूटबद्दलचे असमाधान मनात घर करून होते. भोके सुधारली, परंतु नळीची पोकळी मात्र जुन्या कारागिरांच्या अंदाजाची होती. ती निमुळती का, किती, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

बावन्नाव्या वर्षी, १८४६ साली, हा नावाजलेला वादक पुन्हा विद्यार्थी झाला. म्युनिक विद्यापीठातील आपले मित्र प्राध्यापक शाफहॉइट्ल यांच्याकडे त्यांनी ध्वनिशास्त्राचे धडे घेतले. निरनिराळ्या धातूंच्या, निरनिराळ्या व्यासांच्या, सरळ व निमुळत्या अशा अनेक नळ्या करून त्यांनी एकेक फुंकून पाहिली. एक नळी तर अशी बनवली की सप्तकाच्या बाराही अर्धस्वरांचे तुकडे तिच्यापासून वेगळे करता येत आणि पुन्हा जोडता येत. भोक न पाडता नळीच खरोखर कापली तर सूर कोणत्या लांबीवर येतो, हे त्यातून कळे. समान बारा भागांच्या सप्तकात प्रत्येक वरच्या सुरासाठी हवेच्या स्तंभाची लांबी आधीच्या सुमारे ९४ टक्के हवी, हे गणित सोपे. पण भोक पाडणे म्हणजे नळी कापणे नव्हे. भोक नळीपेक्षा अरुंद असल्यामुळे सूर हिशेबापेक्षा थोडा उतरतो, म्हणून ते थोडे वर सरकवावे लागते. भोक जितके मोठे, तितकी ही चूक कमी. बोएम यांचा निष्कर्ष असा, की भोकाचा व्यास नळीच्या व्यासाच्या निदान तीन चतुर्थांश असला पाहिजे.

पोकळीबद्दलचा त्यांचा निर्णय अधिक क्रांतिकारक होता. त्यांनी जुनी रचना चक्क उलटी केली. फ्लूटचे अंग सरळ दंडगोल ठेवले आणि निमुळतेपणा फुंकरीकडच्या भागाला दिला. तोही सरळ रेषेत नव्हे, तर अन्वस्ताशी जवळीक असलेल्या वक्राने. या वक्राचे काम महत्त्वाचे. फुंकर ताणली की फ्लूटचा सूर एका सप्तकाने वर जातो. पण पूर्ण सरळ नळीत हे वरचे सप्तक खालच्याशी तंतोतंत जुळत नाही. डोक्याकडील भाग योग्य मापाने अरुंद केला की दोन्ही सप्तके जुळतात. अंगाचा व्यास किती ठेवावा, यावरही त्यांनी पुष्कळ विचार केला. २० मिलिमीटर व्यासाने खालची दोन सप्तके अधिक बहारदार वाजत, परंतु तिसरे सप्तक काढणे अवघड होई. अखेर त्यांनी १९ मिलिमीटरवर शिक्कामोर्तब केले. दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी जगातील फ्लूटचा व्यास साधारणपणे तोच आहे. सुमारे १३ मिलिमीटरची भोके बोटाने झाकता येण्याजोगी नव्हती; तेव्हा कड्या गेल्या आणि पूर्ण झाकणाऱ्या, गादी बसवलेल्या चाव्या आल्या. १८४७ सालचा हा फ्लूट त्यांनी चांदीचा केला. सोनाराच्या मुलाचे वर्तुळ येथे पूर्ण झाले. लंडनच्या १८५१ च्या जागतिक प्रदर्शनात या वाद्याचा गौरव झाला.

आता क्लॅरिनेटची गोष्ट. बोएम यांच्या कड्या आणि फिरत्या दांड्या पाहून पॅरिसमधील क्लॅरिनेटचे प्राध्यापक इयासिंत क्लोझे आणि वाद्यकार लुई-ऑग्युस्त ब्युफे यांनी ती यंत्रणा आपल्या वाद्यावर बसवली. १८३९ साली ते वाद्य पॅरिसमध्ये प्रदर्शित झाले. ही नक्कल नव्हती आणि नक्कल चाललीही नसती. याचे कारण क्लॅरिनेटच्या पोकळीत आहे. फ्लूट दोन्ही टोकांनी मोकळा असतो. क्लॅरिनेटची नळी सरळ दंडगोल, परंतु पत्तीकडचे टोक ध्वनीच्या दृष्टीने बंद. अशा नळीत फुंकर ताणली की सूर एका सप्तकाने वर न जाता त्याच्याही पुढे, वरच्या सप्तकाच्या पंचमावर जातो. सनईलाही पत्तीच असते, परंतु तिची नळी खाली रुंदावत जाते, म्हणून ती सप्तकाने वर जाते. क्लॅरिनेटमध्ये खालच्या आणि वरच्या टप्प्यांतील अंतर मोठे. ते भरून काढायला भोके अधिक लागतात, आणि एकच बोट खाली एक स्वर देते तर वर दुसराच. म्हणून आजच्या प्रचलित बोएम क्लॅरिनेटवर १७ चाव्या आणि ६ कड्या दिसतात.

शिवाय एक तडजोड उरतेच. वरच्या टप्प्यात जाण्यासाठी डाव्या अंगठ्याने एक बारीक भोक उघडावे लागते. प्रत्येक सुरासाठी या भोकाची आदर्श जागा वेगळी, आणि भोक मात्र एकच. परिणामी काही सुरांच्या जोड्या जुळतात, काही थोड्या ताणल्या जातात. हा दोष चाव्यांनी जात नाही. तो पोकळीच्या मापांनी कमी करावा लागतो. म्हणून वाद्यकार वरच्या तुकड्यांची पोकळी किंचित निमुळती करतात आणि भोके आतल्या बाजूने कोरून रुंदावतात. चाव्या बोटांची सोय पाहतात, पोकळी सुरांची. दोन्ही एकमेकींशी बांधलेल्या आहेत, हे बोएम यांचे मूळ प्रतिपादन क्लॅरिनेटने असे आपल्या रीतीने सिद्ध केले. जर्मनी आणि ऑस्ट्रियातील मोठे वाद्यवृंद मात्र आजही निराळ्या चाव्यांचे व निराळ्या पोकळीचे आपले क्लॅरिनेट राखून आहेत. ज्या देशात बोएम जन्मले तिथेच त्यांच्या नावाच्या क्लॅरिनेटला पूर्ण मान्यता नाही.

उत्तरायुष्यात बोएम यांनी कार्ल मेंडलर या कारागिराला हाताशी धरून उत्तमोत्तम वाद्ये घडवली. खर्जातील आल्टो फ्लूट ही त्यांची या काळातील आवडती निर्मिती. कोणत्याही पट्टीसाठी भोकांच्या जागा काढून देणारा एक भूमितीचा आराखडाही त्यांनी तयार केला, म्हणजे पुढच्या कारागिराला अंदाजावर विसंबावे लागू नये. १८७१ साली, सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी आपले सर्व अनुभव आणि मोजमापे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पुढे डेटन मिलर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने त्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले. ज्याच्यावर चोरीचा आळ आला, त्याने आपले स्वतःचे माप न माप जगासमोर उघडे करून ठेवले, हे विशेष. २५ नोव्हेंबर १८८१ रोजी, म्युनिकमध्येच, सत्त्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे पं. पन्नालाल घोष यांनी १९४० नंतर मुंबईत राहून बासरीला रागसंगीताच्या मंचावर नेले. त्यांनीही नळी लांब केली, व्यास वाढवला, सातवे भोक जोडले. मात्र चाव्या लावल्या नाहीत. मिंडेला उघडे भोक आणि उघडे बोट लागते. बोएम यांचे उत्तर आपल्या संगीताचे उत्तर नव्हते, पण प्रश्न एकच होता. लग्नाच्या वरातीतील बँडमध्ये क्लॅरिनेटवाला दिसला, तर त्याच्या बोटांखालच्या कड्यांकडे जरूर पाहावे. त्या कड्या फिरत्या दांड्यांना जोडलेल्या असतील, तर त्यांच्यामागे म्युनिकच्या एका सोनाराचा हात आहे.